खड्डा कोणाचा, टेबल कोणाचं? पुण्यात रस्त्यावरची तक्रार शेवटपर्यंत कशी न्यावी

तक्रार केली, टोकन आलं, तीन दिवसांनी ‘निकाली काढण्यात आली’ असा मेसेज आला आणि खड्डा जागच्या जागी. हे इतक्या वेळा होतं की अनेकांनी तक्रार करणंच सोडून दिलंय. यात महापालिकेचा दोष असतोच. पण पुष्कळ तक्रारी पहिल्याच पायरीवर मरतात, कारण त्या चुकीच्या खात्यात जाऊन पडतात. तिथला माणूस ‘आमच्या अखत्यारीतलं नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो आणि कागदोपत्री तीही निकालीच. म्हणून इथे प्रत्यक्ष तक्रार लिहिण्यापेक्षा तिच्या आधीच्या तयारीवर आणि नंतरच्या पाठपुराव्यावर जास्त भर आहे.

उदाहरणं पुणे महापालिकेची घेतली आहेत. दुसऱ्या शहरात खात्यांची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

१. आधी हद्द तपासा

रस्ता पुण्यात आहे म्हणजे तो महापालिकेचाच असं नाही. कॅम्पातला एमजी रोड पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत येतो, खडकी बाजार खडकी बोर्डाच्या. कात्रज–देहूरोड बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे आणि त्यांची हेल्पलाइन १०३३ ही आहे. मेट्रोचं काम चालू असलेल्या पट्ट्यात बॅरिकेडच्या आतली जागा मेट्रोच्या ठेकेदाराच्या ताब्यात असते. तिथेही दोन वेगळ्या यंत्रणा आहेत: महामेट्रो, आणि हिंजवडी–शिवाजीनगर मार्गासाठी पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). बॅरिकेडवर कोणाचं नाव आहे ते वाचा आणि त्या पत्र्याचा फोटो काढून ठेवा.

सोसायटीच्या फाटकाआतला रस्ता खासगी. तिथले दिवे आणि ड्रेनेज सोसायटीचं. काही जुन्या ले-आउटमधले अंतर्गत रस्ते महापालिकेच्या ताब्यात कधी गेलेच नाहीत, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं तक्रार करूनही काम होत नाही. शंका असेल तर क्षेत्रीय कार्यालयात एकच प्रश्न विचारा: ‘हा रस्ता मनपाच्या ताब्यात आहे का?’ उत्तर लेखी मागा.

पडताळणी: महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. त्यांपैकी तुमचं कोणतं, हे मिळकतकराच्या बिलावरून किंवा जवळच्या आरोग्य कोठीत (सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागी) विचारून नक्की करा. पेठांमध्ये आणि शिवेवरच्या भागात रस्त्याची एक बाजू एका कार्यालयाकडे आणि दुसरी दुसऱ्याकडे असू शकते.

२. मग खातं शोधा (सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो)

रस्त्याचा विषय असेल तर पहिला प्रश्न रुंदीचा. ढोबळ नियम असा की १२ मीटरपेक्षा जास्त रुंदीचे रस्ते मुख्य पथ विभागाकडे आणि त्यापेक्षा अरुंद गल्ल्या क्षेत्रीय कार्यालयाकडे. गल्लीतला खड्डा पथ विभागाला कळवला तर तो तिथून खाली, क्षेत्रीय कार्यालयात येईपर्यंत आठवडा जातो. कधी येतच नाही.

दुसरा प्रश्न: त्या खड्ड्यात पाणी आहे का? एकाच जागी दरवर्षी, दर डागडुजीनंतर खड्डा पडत असेल तर दोष बहुतेक वेळा डांबराचा नसतो, खालच्या पाण्याचा असतो. वरून डांबर टाकून तक्रार बंद होते, महिन्याभरात माती पुन्हा खचते. म्हणून तक्रार लिहिण्याआधी तीन वेगवेगळ्या वेळी तिथे जाऊन या. भर उन्हाळ्यात खड्डा फक्त पाणी सुटायच्या वेळेत ओला होत असेल, तर पिण्याच्या लाइनला गळती आहे आणि काम पाणीपुरवठा विभागाचं आहे. दिवसभर ओल असेल आणि वास येत असेल, तर मलनिस्सारण विभाग. फक्त पावसानंतर तळं साचत असेल, तर पावसाळी गटाराची जाळी तुंबलेली आहे किंवा रस्त्याचा उतारच चुकलाय. मग तक्रार पावसाळी लाइनची, खड्ड्याची नव्हे.

यातून कामाचा क्रम ठरतो. आधी गळती काढायची, मग चेंबर दुरुस्त करून पातळीत आणायचं आणि शेवटी डांबर. हा क्रम तुम्ही तक्रारीत लिहिला नाही तर प्रत्येक खातं आपापल्या सवडीने येतं आणि नवं डांबर पाणीपुरवठावाले पुढच्याच आठवड्यात फोडतात. एवढंच वाक्य घाला: ‘पाणीपुरवठा विभागाने गळती काढल्यानंतरच पृष्ठभागाची दुरुस्ती करावी.’

चेंबरचं झाकण हा स्वतंत्र विषय. झाकण दिसलं की लोक ‘ड्रेनेज’ म्हणतात, पण त्याखाली सांडपाणी, पावसाळी लाइन, पाण्याचा व्हॉल्व्ह किंवा एखाद्या टेलिफोन कंपनीची केबल, काहीही असू शकतं. झाकणावर बहुधा ठसा असतो. नसेल तर सरळ रेषेत पुढचं आणि मागचं झाकण शोधा, त्यावर सापडेल. पुण्यात झाकण खचल्याची तक्रार असते तेव्हा पुष्कळदा झाकण जागेवरच असतं. त्याच्याभोवती डांबराचे थर चढत गेलेले असतात आणि ते चार-पाच इंच खोल उरतं. दुचाकीचं पुढचं चाक नेमकं त्यात बसतं. अशा वेळी ‘खड्डा बुजवा’ लिहिलं की कोणीतरी येऊन झाकणावरच डांबर ओततं. मग पुढे लाइन तुंबली तर झाकण सापडत नाही. योग्य मागणी: ‘चेंबर उचलून रस्त्याच्या पातळीत आणावे.’

रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर आधी बघा, एकच खांब अंधारात आहे की ओळीने सगळे. एकच असेल तर फिटिंग गेलंय. पूर्ण ओळ गेली असेल तर केबल किंवा टायमर. दोन्ही महापालिकेच्या विद्युत विभागाकडे. घरांतलीही वीज गेली असेल, किंवा डीपी, फीडर पिलर (रस्त्याकडेची वीजवाटपाची पेटी) उघडा असेल, तर महावितरण, फोन १९१२. दिवसाढवळ्या दिवे जळत असतील तर तीही तक्रार करा, टायमर बिघडल्याचीच ती खूण असते.

इशारा: खांबाला करंट येत असल्याचा संशय असेल तर हात लावून खात्री करायला जाऊ नका. १९१२ आणि महापालिका, दोन्हीकडे लगेच फोन करा आणि कोणीतरी येईपर्यंत मुलांना लांब ठेवा.

फांद्यांचं काम उद्यान विभागाकडे, पण फांदी तारांना टेकत असेल तर महावितरणकडे. ‘एक फांदीच तर आहे’ म्हणून स्वतः कुऱ्हाड लावू नका. शहरातल्या झाडांना १९७५ चा वृक्ष जतन कायदा लागू आहे आणि विनापरवाना तोडीचा गुन्हा नोंदवला जातो. झाड उन्मळून रस्त्यात पडलं तर वाट न बघता अग्निशमन दल, १०१.

कचरा घनकचरा विभागाकडे जातो, पण तिथे टोकनपेक्षा मुकादम कामाचा. कोपऱ्यावर रोज कचरा पडतो अशा जागेला महापालिकेत ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात. अशा जागी ‘कचरा उचला’ ही मागणी पुरत नाही. ते उचलतात, रात्री पुन्हा पडतो. कोण टाकतं, किती वाजता टाकतं, दुकानांचा आहे की घरांचा, हे चार-पाच रात्री पाहून लिहा. बाजारपेठेत बहुतेक वेळा शटर पडल्यानंतरच्या अर्ध्या तासात सगळं होतं. ती वेळ कळली तरच आरोग्य निरीक्षकाला दंडाची कारवाई करता येते.

३. पुरावा गोळा करा

फोटो जवळून काढायचा ही सवय मोडा. जवळच्या फोटोत फक्त डांबर दिसतं, जागा कळत नाही. किमान तीन फोटो हवेत: लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा चौक दिसेल, मधल्या अंतरावरून, आणि जवळून, शेजारी मोजपट्टी किंवा वहाणेचा जोड ठेवून. कॅमेऱ्यात लोकेशन चालू ठेवा. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या फोटोतून ही माहिती निघून जाते, म्हणून मूळ फाईल जपून ठेवा.

ठिकाण लिहिताना पोस्टाचा पत्ता कामाचा नाही. कनिष्ठ अभियंता स्कूटरवर येतो आणि त्याला दोन मिनिटांत जागा सापडली पाहिजे. चौक, दिशा, कोणती बाजू, कशासमोर, एवढं पुरतं. दिव्यासाठी खांबावर रंगवलेला नंबर. व्हॉल्व्ह किंवा चेंबर असेल तर जवळच्या कोपऱ्यापासून किती पावलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारीख. आज काय स्थिती आहे याचा फोटो आज काढला नाही, तर ‘पूर्वी काम केलं होतं, पुन्हा बिघडलं’ हे उत्तर तुम्हाला खोडता येणार नाही.

पडताळणी: तुमचा मजकूर आणि फोटो तो भाग माहीत नसलेल्या एखाद्या मित्राला पाठवा. त्याला जागा सापडेल का? नसेल तर परत लिहा.

४. तक्रार लिहा: एक तक्रार, एक जागा, एक खातं

नेहमी दिसणारी तक्रार अशी असते:

‘आमच्या भागाची फार दुरवस्था झाली आहे. खड्डे, कचरा, दिवे बंद, फेरीवाल्यांचा त्रास. एवढा टॅक्स भरूनही ही अवस्था. त्वरित लक्ष द्यावे.’

यात चार खाती आहेत आणि जागा एकही नाही. प्रणालीत ती कुठल्यातरी एकाच खात्याकडे जाईल. ते आपल्या वाट्याचं काही केलं-न केल्यासारखं करून तक्रार बंद करतील आणि उरलेले तीन विषय तिच्याबरोबर बंद होतील. टॅक्सचा उल्लेख पूर्ण गाळा. त्याने वाचणाऱ्याच्या भुवया उंचावण्यापलीकडे काही होत नाही.

आता हीच नीट:

‘मुख्य रस्त्यावरून शाळेच्या गल्लीत वळताच डाव्या हाताला, औषधाच्या दुकानासमोर, मलनिस्सारणाचे चेंबर रस्त्याच्या पातळीपेक्षा अंदाजे ४ इंच खोल आहे. झाकण शाबूत आहे. सकाळी शाळेच्या वेळेत दुचाकी घसरतात. चेंबर उचलून पातळीत आणावे. त्यावर डांबर टाकून झाकू नये. फोटो ३ जोडले आहेत.’

शेवटून दुसरं वाक्य अनाठायी वाटेल. ते नसेल तर नेमकं तेच होतं.

पीएमसी केअर अॅपवर, संकेतस्थळावर किंवा १८०० १०३० २२२ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा. अॅपमध्ये विभाग निवडताना घाईत ‘इतर’ दाबू नका. ‘इतर’मध्ये गेलेली तक्रार आधी कोणीतरी वाचून वाटप करायची असते आणि ते वाटप कधी होईल ते दैवाधीन. फोनवरून नोंदवली तर टोकन क्रमांक विचारल्याशिवाय फोन ठेवू नका.

सहसा होणाऱ्या चुका: आयुक्तांना एक्सवर टॅग करून टोकन न घेणं. नगरसेवकाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून ‘कळवलंय’ म्हणणं. सोसायटीतल्या वीस जणांनी तीच तक्रार वीसदा टाकणं. तिसरी चूक चांगल्या हेतूने होते, पण प्रणाली त्यांना दुबार ठरवून एकत्र बंद करू शकते. त्यापेक्षा एकाने टोकन घ्यावं आणि बाकीच्यांनी पुढच्या टप्प्यातल्या अर्जावर सह्या कराव्यात.

५. विषय मोठा असेल तर कागद द्या

बंद पडलेल्या दिव्याला अॅप पुरतं. पण फूटपाथ उखडलाय, अख्खी लाइन बदलायला हवी, गतिरोधक हवा, अशा कामाला निविदा लागते, आणि टोकनावरून निविदा निघत नाही. इथे लेखी अर्ज लागतो.

अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या महापालिका सहायक आयुक्तांच्या नावे, एका पानात. विषय एका ओळीत. आधीचे टोकन क्रमांक तारखांसह. दोन प्रती न्या: एक द्यायची, दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्यायची. ही पोच म्हणजे तुमचं सगळं भांडवल. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवून जा’ असं कोणी म्हटलं तर हसून नको म्हणा आणि आवकच्या खिडकीवर जा. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं धरलं जातं.

मोठ्या कामासाठी वेळ ओळखा. महापालिकेचं अंदाजपत्रक मार्चपर्यंत मंजूर होतं आणि खात्यांच्या मागण्या त्याच्या बरेच महिने आधी ठरतात. पुण्यात नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवण्याची पद्धत आहे, तिचे अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवले जातात. पाच लाखांच्या आतली छोटी कामं, म्हणजे बाक, फूटपाथचा तुकडा, दिवे, यासाठी हा रस्ता चांगला. एप्रिलमध्ये जाऊन ‘फूटपाथ करा’ म्हणालात तर ‘तरतूद नाही’ हेच उत्तर मिळेल, आणि ते खरंही असेल.

चार सदस्यांच्या प्रभागात चारही नगरसेवकांना त्याच अर्जाची प्रत द्या. एकालाच दिली तर उरलेल्या तिघांना ते काम आपलं वाटत नाही, कधीकधी तर अडवावंसं वाटतं. क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला समितीच्या बैठकीला जाता आलं तर जा. तिथे सगळ्या खात्यांचे अभियंते एका खोलीत असतात आणि ‘हे आमचं नाही, त्यांचं’ हे वाक्य ज्याच्याबद्दल बोललं जातं, तो समोरच बसलेला असतो.

६. बाजारपेठेतले विषय: इथे घाई नडते

फूटपाथवर रॅक, पाटी, पुतळा, तळणाची कढई. ही तक्रार अतिक्रमण विभागाकडे. करण्याआधी दोन गोष्टी तपासा. दुकानासमोरची ती जागा फूटपाथ आहे की दुकानाचं स्वतःचं फ्रंट मार्जिन, म्हणजे इमारतीसमोर सोडलेली खासगी जागा? जुन्या रस्त्यांवर दोन्हीची फरशी सारखीच असते आणि डोळ्यांना कळत नाही. फूटपाथच असेल तर टेपने मोजा, चालायला किती मोकळी रुंदी उरते ते. पादचारी मार्गांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषात किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. ‘अतिक्रमण आहे’ यापेक्षा ‘०.९ मीटर उरते, व्हीलचेअर जात नाही’ हे वाक्य टाळणं अवघड जातं.

फेरीवाल्यांबाबत जरा सांभाळून. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला त्या जागी धंदा करण्याचा हक्क आहे, आणि त्याला हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. ‘सगळे हटवा’ असा अर्ज आला की अतिक्रमणची गाडी येते, दोन हातगाड्या उचलते, संध्याकाळी त्या परत येतात, आणि ज्या दुकानदाराने फूटपाथ खरा अडवलाय तो तसाच राहतो. माझं मत असं की तक्रार माणसाची नको, जागेची करावी: वळणावर दिसत नाही, बसथांब्यासमोर उभं राहायला जागा नाही, शाळेच्या फाटकासमोर मुलं रस्त्यावर उतरतात. प्रमाणपत्र आहे की नाही हे अधिकाऱ्याला तपासू द्या.

पार्किंग महापालिकेकडे नाही, वाहतूक पोलिसांकडे. पाट्या आणि पट्टे मात्र महापालिका रंगवते. पी-वन पी-टूची (सम-विषम तारखेला रस्त्याच्या कोणत्या बाजूला गाडी लावायची ते सांगणारी) पाटी झाडाआड गेली असेल तर पोलिसांनी उचललेल्या गाडीवरून रोज भांडणं होतात. ती पाटी दिसेल अशी करा, हा अर्ज महापालिकेला. नो-पार्किंगमध्ये रोज टेम्पो उभा राहतो, हा अर्ज तुमच्या भागाच्या वाहतूक विभागाला, वेळेसह. माल उतरवण्याची वेळ ठरवून घ्यायची असेल तर व्यापारी संघटनेला बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नका. त्यांना वगळून ठरवलेली वेळ पाळली जात नाही.

आवाज: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी, सणासुदीला सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सूट देतं. मर्यादा रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. आवाज चालू असतानाच ११२ ला फोन करा. दुसऱ्या दिवशी सकाळी दिलेल्या अर्जाला मोजायला काही उरत नाही.

अनधिकृत फ्लेक्सची तक्रार आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे. फोटोत फलकावरची नावं, तारीख आणि खांब क्रमांक आला पाहिजे. ही तक्रार स्वतःच्या नावाने करण्याआधी घरच्यांशी बोला. गल्लीत राहायचं आपल्याला असतं.

७. ‘निकाली’ आल्यावर काय करायचं

मेसेज आला त्याच दिवशी जागेवर जा. काम झालं असेल तर फोटो काढा आणि तसं कळवा, पुढच्या वेळी तोच अभियंता फोन उचलतो. झालं नसेल, तर त्याच कोनातून, त्याच अंतरावरून फोटो काढा. जुना आणि नवा शेजारी-शेजारी ठेवला की वेगळं काही लिहावं लागत नाही.

अॅपमध्ये तक्रार पुन्हा उघडण्याचा पर्याय दिसला तर तो वापरा. नाहीतर नवी तक्रार करून पहिलं वाक्य असं: ‘टोकन क्र. … ही तक्रार काम न करता दि. … रोजी बंद केली आहे.’ नुसती नवी तक्रार केली तर आधीचा इतिहास पुसला जातो आणि तुम्ही परत शून्यावर.

तिसऱ्यांदाही तसंच बंद झालं तर अॅप सोडा. कनिष्ठ अभियंत्याला भेटा. ते साधारण सकाळी जागेवर आणि दुपारी कार्यालयात सापडतात. बरोबर जागेवर यायची विनंती करा. दहापैकी बऱ्याच वेळा ते म्हणतात, ‘मला वाटलं तुम्ही पलीकडचं म्हणताय.’

इशारा: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कोणी जखमी झालं असेल तर क्रम वेगळा. आधी उपचार, मग ११२ ला कळवून पोलिसांत नोंद, आणि जागेचे फोटो ताबडतोब, कारण असा खड्डा दुसऱ्या सकाळपर्यंत हमखास बुजवला जातो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा अपघातांत मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली आहे. तिच्यासाठी पोलिसांची नोंद आणि दवाखान्याचे कागद लागतात. केसपेपरवर अपघाताचं कारण लिहून घ्या. ‘पडून मार लागला’ एवढ्यावर दावा टिकणं कठीण.

८. वरच्या दारांचा क्रम

पायऱ्या गाळून थेट आयुक्तांकडे गेलात तर अर्ज शेरा मारून त्याच कनिष्ठ अभियंत्याकडे उतरतो. म्हणून क्रमाने: कनिष्ठ अभियंता, उपअभियंता, सहायक आयुक्त, मग परिमंडळाचे (काही क्षेत्रीय कार्यालयांच्या गटाचे) उपायुक्त. प्रत्येक ठिकाणी मागच्या पोचेची प्रत जोडायची.

त्यानंतर दोन वाटा. एक, राज्य सरकारचं ‘आपले सरकार’ तक्रार पोर्टल, जिथे २१ कामकाजाच्या दिवसांत उत्तर देणं अपेक्षित असतं. दुसरी, लोकशाही दिन: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्तांसमोर. अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते. इथे कितीतरी अर्ज बाद होतात, कारण ‘आम्ही सर्व रहिवासी’ अशी सुरुवात केलेली असते. ‘माझ्या घराच्या दारात सांडपाणी तुंबते’ असं लिहा. न्यायालयात चालू असलेला विषय तिथे नेऊ नका, घेत नाहीत.

९. माहितीचा अधिकार: कागद मागा, जाब नको

माहिती अधिकारात काम होत नाही, कागद मिळतो. पण मिळालेल्या कागदाने काम होतं. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो. उत्तर ३० दिवसांत. ‘रस्ता खराब का?’ हा प्रश्न बाद होतो, कारण ‘का’चं उत्तर कुठल्याही फायलीत नसतं. मागायचं ते असं:

टोकन क्र. … बंद करताना नोंदवलेला शेरा आणि जोडलेला फोटो यांची प्रत. सदर रस्त्याच्या शेवटच्या डांबरीकरणाच्या कार्यादेशाची प्रत. त्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत. दोषदायित्व कालावधी कधी संपतो, ते नमूद असलेल्या पानाची प्रत.

शेवटचा मुद्दा सोन्याचा. त्या कालावधीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. हे पान हातात घेऊन सहायक आयुक्तांकडे गेलात की ‘तरतूद नाही’ हे उत्तर देता येत नाही.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, तुम्ही नव्याने करायचा नाही. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये. दुसरं अपील ९० दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. तिथे मात्र वेळ लागतो, त्याची तयारी ठेवा.

१०. काम सुरू होतं तेव्हा

लोक इथे निर्धास्त होतात आणि सगळं मुसळ केरात जातं. ठेकेदाराची माणसं बहुधा रात्री किंवा भल्या पहाटे येतात. त्यांना काम काय ते मुकादमाने तोंडी सांगितलेलं असतं, तुमचा अर्ज त्यांनी पाहिलेला नसतो. घराबाहेर या, चहा विचारा आणि तीन गोष्टी बघा.

खड्ड्याच्या कडा चौकोनी कापून आतली माती-धूळ साफ केली का? नुसतं वरून ओतलेलं डांबर पहिल्या पावसात निघतं. ओल्या खड्ड्यात भरत असतील तर थांबवा आणि अभियंत्याला फोन लावा. चेंबर उचललं असेल तर भोवतालचं काँक्रीट वाळेपर्यंत बॅरिकेड ठेवलंय का? ते नसेल तर अर्ध्या तासात पहिली रिक्षा त्यावरून जाते आणि झाकण परत कलतं. आणि तिसरं, काम झाल्यावर झाकणावर एक सरळ फळी आडवी ठेवा. खालून बोट जात असेल तर तिथल्या तिथे सांगा. ठेकेदाराचा टेम्पो गल्लीतून गेल्यावर तो परत आणायला पुन्हा टोकनापासून सुरुवात करावी लागते.